हॅड कुठं लावाचा अन् कुठं नाई

भरतीचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींचं इंग्लिश पाहिलं तं एक गोष्ट सगळीकडं सेम दिसते, काम कालचं असलं की लगेच हॅड ठोकून देतात. 'आय हॅड गॉन टू यवतमाळ यस्टरडे.' कारण डोक्यात 'काल यवतमाळले गेलो होतो' चालू असते, अन् आपलं 'होतो' एकटंही चालून जाते. इंग्लिशमधला हा मदतीचा हॅड (पास्ट परफेक्टवाला) एकटा चालत नाई बाप्पा, त्याले भूतकाळातलीच दुसरी गोष्ट लागते, जिच्या आधी हे काम झालं. ती नसन तं साधं 'आय वेंट टू यवतमाळ यस्टरडे'. परवा असो, मागची दिवाळी असो नाईतं 1960 असो, जुनं आहे एवढ्यासाठी हॅड लागत नाई.

खरी गंमत व्हेन आला की कळते. समजा सोयाबीनची गंजी वावरात लागून आहे अन् पाऊस आला. 'व्हेन द रेन केम, वुई कव्हर्ड द हीप' म्हटलं तं पाऊस आला तवा ताडपत्री घेऊन धावलो, म्हणजे वरचा थर भिजलाच समजा. 'व्हेन द रेन केम, वुई हॅड कव्हर्ड द हीप' म्हटलं तं ताडपत्री आधीच टाकून होती, माल कोरडा. आता सांगा, व्यापाऱ्यासमोर कोणतं वाक्य बोलान?

पण कामं ज्या क्रमानं झाली त्याच क्रमानं सांगून रायले असान तं हॅड कायलेच पाह्यजे, 'वुई कट द क्रॉप, मेड अ हीप अँड कव्हर्ड इट', सरळ साधा पास्ट. मागं वळून आधीचं सांगाचं असलं तवाच हॅड.

बिफोर-आफ्टर असले तं आधी-नंतर त्यायच्यातच आलं, म्हणून 'द बस लेफ्ट बिफोर वुई रीच्ड' बी चालते अन् 'हॅड लेफ्ट' बी. पेपरात मात्र 'बाय द टाइम वुई रीच्ड द स्टँड' दिसलं की पुढं 'द बस हॅड लेफ्ट' हाच ऑप्शन पाहाचा.

आता ते यवतमाळवालं वाक्य कधीच बरोबर नसते असंही नाई. कोणी म्हटलं, काल संध्याकाळी तुह्या घरी आलो तं तू नव्हता, तवा 'आय हॅड गॉन टू यवतमाळ' एकदम करेक्ट, कारण तो आला त्याच्या आधी तुम्ही निघून गेले होते.

रूपाचं म्हणाल तं हॅडनंतर तिसरं रूप, हॅड गॉन, हॅड वेंट नाई. नकारात हॅड नॉट गॉन, 'डिड नॉट हॅड' असं काही नसते. अन् 'ही हॅड हॅड हिज टी बिफोर वुई केम' हे बरोबर आहे, पहिला हॅड मदतीले अन् दुसरा चहा घेतल्याचा, त्यामुळं एररच्या प्रश्नात दोन हॅड दिसले म्हणून घाईनं तिथंच गोल काळा करू नका.