आत्याला बोलतं करायचं तर

तीस वर्षं समुपदेशन केलं, आता निवृत्तीत घराण्याचा इतिहास लिहितेय. काम तेच, ऐकायचं.

पहिली चूक मीच केली. वही-पेन घेऊन आत्यापुढे बसले आणि विचारलं, "थोरल्याचा जन्म कोणत्या सालचा?" ती गप्पच. साल विचारू नका. "पानशेतचं धरण फुटलं तेव्हा घरात कोण कोण होतं?" असं विचारा. १२ जुलै १९६१ ही तारीख आपल्याला ठाऊक असते, बाकीचं घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगतात. आत्या म्हणाली, "अगं, थोरला नुकता रांगायला लागला होता. त्याला कडेवर घेऊनच पर्वतीवर पळाले." लागला की हिशेब! गावाकडच्यांना १९७२चा दुष्काळ विचारा. तेव्हा मदत म्हणून वाटलेल्या सुकडीची आठवण हमखास निघते.

समोर बसू नका, शेजारी बसा. मेथी निवडायला घ्या, हात गुंतले की जीभ सुटते. रेकॉर्डिंग विचारूनच. डोळे भरून आले तर विषय बदलायची घाई नको. पाणी द्या आणि थांबा. "जाऊ दे" म्हणाल्या तर खरंच जाऊ द्या. (हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.) पाऊण तास पुरे.

नावं पडताळायला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदवह्या) बघा. आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकार गाठा.

सुनांची माहेरची नावं मात्र आवर्जून विचारा. आमच्या पणजीचं मला मेथीच्या दुसऱ्या जुडीला मिळालं.