लेकराला दातांच्या डॉक्टरांकडे नेताना

मराठवाड्यातील अनेक लेकरे दातांचा दवाखाना प्रथम पाहतात ती दाढ रात्रभर ठणकल्यावरच, आणि तोवर ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी त्यांनी घरात कितीदा तरी ऐकलेली असते. ती धमकी आधी बंद करावी. ‘अजिबात दुखणार नाही’ हे आश्वासनही देऊ नये, कारण थोडे जरी दुखले तरी लेकराचा आईवडिलांवरचा आणि डॉक्टरांवरचा विश्वास एकाच वेळी उडतो. ‘थोडं दाबल्यासारखं वाटेल, मग थांबेल’ हे खरे आहे आणि लेकरू ते सोसू शकते.

शक्य असल्यास पहिली भेट दुखणे नसताना, वयाच्या पहिल्या वर्षातच घ्यावी. मोठ्या लेकराला आरशासमोर उभे करून दुधाचे वीस दात मोजण्याचा खेळ घरी खेळावा. गावाहून एसटीने उन्हात आलेले, उपाशी किंवा पेंगुळलेले लेकरू लवकर बिथरते. म्हणून सकाळची वेळ घ्यावी आणि आत जाण्यापूर्वी त्याला थोडा विसावा द्यावा.

‘सांगा, दाखवा, मग करा’ ही पद्धत दंतवैद्यकात 1959 पासून रूढ आहे. दात घासण्याचा फिरणारा ब्रश आधी लेकराच्या नखावर फिरवून दाखवण्याची विनंती डॉक्टरांना निःसंकोच करावी. त्या वेळी आई, मामा आणि आजी असे सगळे मिळून समजूत घालू लागले की लेकरू अधिकच गोंधळते, एकानेच बोलावे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती थांबण्याची खूण. डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील असे आधी ठरवावे, घरी त्याचा सराव करावा आणि प्रत्यक्षात हात वर होताच खरोखर थांबावे, कारण एकदा जरी खूण डावलली गेली तरी पुढे ती निरुपयोगी ठरते.

इंजेक्शनच्या वेळी डॉक्टर गाल हलकेच हलवतात, त्याला कारण आहे: स्पर्शाची संवेदना वेदनेची वाट काही अंशी अडवते, असे वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडले. त्याच वेळी गरम दुधावर फुंकर घालावी तसा सावकाश श्वास सोडायला किंवा पायाची बोटे हलवायला सांगावे. आवडती गोष्ट ऐकवणेही उपयोगी पडते. मात्र हे उपाय भुलीच्या इंजेक्शनला पर्याय नाहीत. ते इंजेक्शन नाकारून लेकराला वेदना सोसायला लावू नये.

भूल उतरेपर्यंत ओठ बधिर असतो आणि लेकरू तो नकळत चावते, तेव्हा तोवर काही चावायला देऊ नये आणि त्याच्याकडे लक्ष ठेवावे.