या चुका टाळा : थंडीत शेड कोंडून घेतल्यानं कोंबड्या वाचत नाहीत

निफाड तालुक्यात थंडी वाढली की बातमी होते ती द्राक्षांची. मणी तडकले, बागेत शेकोट्या पेटल्या, पहाटे बोअरचं पाणी सोडलं. त्याच बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये दोन-अडीच हजार पक्षी बसलेले असतात, त्यांचं कोणी विचारत नाही.

२०१८ च्या डिसेंबरअखेर इथं पारा दोन अंशांच्याही खाली गेला, तेव्हा माझी ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, बॅच चोवीस दिवसांची होती. घाबरून मी चारही बाजूंचे पडदे गच्च बांधले, वरून ताडपत्री लावली, उरलेल्या फटींत बारदान कोंबलं. पहाटे दार उघडलं तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पत्र्याच्या आतल्या बाजूनं थेंब टपटपत होते, खाली अंथरलेलं भाताचं तूस वरून काळं पडून चिकट झालं होतं आणि पक्षी चोच उघडून श्वास घेत होते. त्या रात्री गारठून एकही मेला नाही. मेले ते पुढच्या आठ-दहा दिवसांत, पोटात पाणी होऊन. ब्रॉयलरचं वजन झपाट्यानं वाढतं, त्याला प्राणवायू जास्त लागतो. कोंदट शेडमध्ये तो कमी पडला की हृदयावर ताण येतो आणि जलोदर होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे : आमच्याकडे थंडीनं पक्षी जातो त्यापेक्षा कोंडमाऱ्यानं जास्त जातो.

म्हणून पडद्यापासून सुरुवात. अजून बऱ्याच शेडांवर पडदा वर ठोकलेला आणि खालून गुंडाळायचा असतो, दुकानाच्या शटरसारखा. तो वीतभर उचलला तरी गार वारा थेट पिल्लांच्या पाठीवर येतो. पडदा खाली पक्का करून दोरीनं वर ओढायचा असतो, म्हणजे तो वरून उघडतो. दमट हवा वर चढते आणि तिथूनच निघून जाते. शेड पूर्व-पश्चिम असेल तर रात्री उत्तरेचा पडदा जवळपास पूर्ण चढवावा आणि दक्षिणेचा वरून फूटभर उघडा ठेवावा. ऊन अंगावर आलं की दोन्ही बाजू मोकळ्या कराव्यात. बॅच लहान असेल तर टप्प्याटप्प्यानं, एकदम नाही.

वासाचं एक सांगतो. विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका खराब व्हायला लागतात, पण रोज आत वावरणाऱ्याचं नाक मरून गेलेलं असतं. गुडघे टेकून पक्ष्याच्या उंचीवर श्वास घेऊन बघा. किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला दारापर्यंत आणा. माझी आई दारातूनच पदर नाकाला लावते, तेच माझं मीटर.

ऊब देतानाच्या चुका

पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३३ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करायचे. थर्मामीटर भिंतीला खिळ्यावर टांगलेला असेल तर तो भिंतीचं तापमान सांगतो. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर लावा.

पिवळे बल्ब मिळेनासे झाले म्हणून माझ्या भाच्यानं ब्रूडरला, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाला, एलईडी लावले होते. उजेड लख्ख, पण ऊब नावालाही नाही. सकाळी पिल्लं एकमेकांवर चढून खालची चेंगरलेली. थंडीत पिल्लामागं दोन वॅट धरले तर ५०० पिल्लांना १०० वॅटचे दहा पिवळे बल्ब होतात. शिवाय पहाटे तीनला लाइट जाते हे गृहीत धरून गॅस ब्रूडर तयार ठेवा.

कोळशाची शेगडी आत ठेवून पडदे लावणं ही सगळ्यात धोक्याची चूक. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिल्लं जातातच, राखणीला आत झोपलेला माणूसही जाऊ शकतो. खाली तूस, त्यामुळे आगीची भीती वेगळीच. धूर नळीनं बाहेर काढणारी बुखारी असेल तरच आत जाळ करा.

ऊब पुरते का, हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, लांब पळाली तर उकडतंय, सगळी एकाच बाजूला गेली तर कुठून तरी झुळूक येतेय. विखरून दाणे टिपत असतील तर मालकानं झोपायला जावं. शंका असेल तर एक पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावा. पाय गार लागले म्हणजे खालचं तूसच गार आहे. बहुतेक वेळा ब्रूडर पिल्लं आल्यावर पेटवलेला असतो. तो आदल्या दिवशी पेटवायचा, हवा लवकर तापते पण तूस तापायला वेळ लागतो.

तूस थंडीत चार इंच तरी हवं आणि रोज खालीवर करायला हवं. मूठभर दाबून सोडा. लाडू तसाच राहिला तर ओलं, भुसभुशीत सुटलं तर ठीक. ओल्या तुसावर चुना मारायची सवय इथं फार आहे. मला ती पटत नाही, चुन्यानं त्यातला अमोनिया उलट जास्त सुटतो. ओली जागा खरवडून काढा, गळकी भांडी दुरुस्त करा, कोरडं तूस टाका.

टाकीत रात्रभर राहिलेलं गारेगार पाणी पक्षी पीत नाही आणि पाणी कमी झालं की खाणंही कमी होतं. सकाळी ते सोडून बोअरचं ताजं पाणी द्या, ते थंडीतही कोमट असतं. पाण्यातून औषध देत असाल तर पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे औषधही कमी जातं, याचा हिशेब धरा. लसीचं पाणी मात्र थंडच हवं, कोमट पाण्यात लस वाया जाते.

अंड्यावरच्या कोंबड्यांना ऊब मिळावी म्हणून नुसता मका वाढवला तर प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडून कवच पातळ होतं. अंडी घटतात ती बरेचदा दिवस लहान झाल्यामुळे. पहाटे दिवा लावून उजेड चौदा-पंधरा तासांवर न्या, पण रात्रभर लावून ठेवू नका.

परसातल्या गावठी कोंबडीची फार काळजी नको. पिसं फुगवून ती बसते. डालग्यावर प्लास्टिक नको, बारदान टाका. तुऱ्याला व्हॅसलीन लावायचे व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले आहेत, आपल्याकडे त्याची गरज नाही.

आणि मर लागली की थंडीलाच दोष देऊ नका. मान पिरगळलेली, हिरवट पातळ विष्ठा, सर्दीची घरघर असं दिसलं तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असू शकते, बल्ब वाढवून ती थांबत नाही. याच दिवसांत जवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्याकडून रोग येऊ शकतो, त्यामुळे रानबदकं बसतात त्या पाण्याचा शेडशी संबंध येऊ देऊ नका. एकाएकी बरेच पक्षी गेले तर मेलेले कालव्यात फेकू नका, उरलेले घाईनं विकू नका, त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.