शुक्रवारच्या गोष्टीची वर्गणी

मार्च २०२० मध्ये आमची बालवाडी बंद झाली तेव्हा माझ्या वर्गात २२ मुलं होती. शुक्रवारचा शेवटचा तास गोष्टीचा असायचा. तो चुकू नये म्हणून त्या आठवड्यात मी फोनवरच एक गोष्ट रेकॉर्ड केली आणि पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. मग पुढच्या शुक्रवारी दुसरी. कुणीतरी नाशिकहून पुण्याच्या मावशीला पाठवली, मावशीने न्यू जर्सीतल्या भाच्याला. तीन वर्षांत जवळपास १२० गोष्टी झाल्या आणि ऐकणारी घरं दोन हजारांवर गेली. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबरच मावतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच निरोप पोचतो. त्यामुळे नऊ याद्या सांभाळत मी बसायचे.

जून २०२३ पासून ही गोष्ट वर्गणीची झाली. गोष्टी सांगणारे, चित्रं काढणारे, कविता वाचणारे बरेच जण आता हेच करू बघताहेत, म्हणून माझा हिशेब आणि माझ्या चुका मांडते आहे.

पैसे मागायचा विचार मनात आला तो तबल्यामुळे. गोष्टीत घोडा धावला की तबला वाजवून देणारा एक कॉलेजचा मुलगा होता. वर्षभर त्याने एक पैसाही घेतला नाही. एकदा त्याच्या आईने सहज विचारलं, "ताई, याचं पुढे काही होणार आहे का?" त्या रात्री मी वही काढली.

एका गोष्टीला किती वेळ जातो हे मी तोवर कधी मोजलंच नव्हतं. निवडणं, मुलांच्या बोलीत लिहिणं, रात्री अकरानंतर पंखा बंद करून कपाटासमोर गाद्या उभ्या करून रेकॉर्ड करणं, मग चुका कापणं: मिळून नऊ तास. वर्षाला ४० गोष्टी धरल्या तर ३६० तास. माझ्या तासाला ३०० रुपये धरले, म्हणजे १,०८,००० झाले. तबल्याचे गोष्टीमागे ५०० प्रमाणे २०,०००, आणि साठवण, संपादन, माइकची झीज यांचे १२,०००. एकूण १,४०,०००. वर्गणी ६०० ठेवली तर पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचे) साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४ रुपये १६ पैसे कापले जातात. उरतात ५८५ रुपये ८४ पैसे. म्हणजे मला २३९ सभासद हवे होते. दोन हजारांतून २३९! हा आकडा कागदावर आला तेव्हा छाती धडधडायची थांबली. तुम्ही आधी हा आकडा काढा, घोषणा नंतर.

४० का, ५२ का नाहीत? कारण या हिशेबातली सगळ्यात मोलाची वस्तू गोष्ट नाही, शुक्रवार आहे. लहानपणी आमच्याकडे 'किशोर' यायचं. बाबा वर्षाची वर्गणी एकदाच भरायचे आणि मग अंक यायची वेळ झाली की आम्ही भावंडं फाटकाशी पोस्टमनची वाट बघायचो. तो अंक येणारच, हा विश्वास बाबा विकत घ्यायचे. इंटरनेटवर फुकट गोष्टी पडल्या आहेतच. दमून आलेल्या आईला शुक्रवारी रात्री शोधाशोध करायची नसते. तेव्हा जेवढे शुक्रवार नक्की पाळता येतील तेवढ्यांचंच वचन द्या. मी गणपती, दिवाळी, परीक्षा आणि मे महिना वगळला, आणि पहिल्या दिवसाआधी दहा गोष्टी तयार करून ठेवल्या. तरी ऑगस्टमध्ये घसा बसला आणि पुढे दोन रेकॉर्डिंग खराब निघाली, तेव्हा या दहांतल्या सात कामी आल्या. शिलकीशिवाय वर्गणी घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

घोषणेत मी पहिली मोठी चूक केली. दोन पानांचा निरोप लिहिला: किती कष्ट होतात, किती संकोच वाटतो, माफ करा. सकाळी फोनांची रांग लागली: "गोष्ट बंद होतेय का हो?" पैशांचं कुणाला कळलंच नव्हतं. दुसऱ्या निरोपात चारच वाक्यं होती. १ जूनपासून वर्षाला ६०० रुपये, ४० गोष्टी. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी होत्या तशा मोफत राहतील. ज्यांना भरणं जमणार नाही त्यांनी फक्त 'मोफत हवी' एवढं कळवावं, कारण विचारणार नाही. अंगणवाडी आणि शाळेच्या वर्गासाठी शुल्क नाही.

जुनं कुलुपात घालू नका. ज्यांनी तीन वर्षं ते एकमेकांना पाठवलं, त्यांच्यामुळेच आपण इथवर आलो.

सोलापूरच्या एका आजींचा फोन आला. "बाई, सहाशे एकदम नाही गं होणार. महिन्याला पन्नास घेशील का?" मी म्हटलं, आजी, मोफत घ्या. त्या म्हणाल्या, "फुकट नको, नातवाला मी भरते असं सांगायचंय." त्या दर महिन्याला पन्नास पाठवतात. मोफतचा पर्याय देताना माणसाचा मान राहील असा मार्गही ठेवावा लागतो, हे मला त्यांनी शिकवलं.

बोलणारेही भेटले. "मराठीची सेवा करत होतात, आता धंदा मांडलात?" असं एकाने लिहिलं. मी त्यांना तबलेवाल्या मुलाचा हिशेब पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं. पण मराठीत मुलांचं मासिक काढणाऱ्यांनी नेहमीच वर्गणी घेतली आहे. वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये 'आनंद' काढलं, तेही वर्गणीदारांच्या आधारावरच.

महिन्याची की वर्षाची वर्गणी, यावर मी बराच घोळ घातला. दरमहा आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाला आधी मंजुरी द्यावी लागते, आणि ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना जावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण पन्नास रुपयांसाठी दर महिन्याला बँकेचा निरोप आला की माणूस दर महिन्याला नव्याने विचार करतो. वर्षातून एकदा यूपीआयने भरणं आपल्या लोकांना सोपं जातं. शिवाय मी शाळेचं वर्ष तेच वर्गणीचं वर्ष ठेवलं. उशिरा येणाऱ्याला त्या वर्षाच्या मागच्या गोष्टी मिळतात, आणि मला प्रत्येकाची वेगळी तारीख जपावी लागत नाही.

परदेशातल्या बऱ्याच घरांना यूपीआयने भरता येत नाही. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले, पण बाहेरून येणारे पैसे त्यावर घेता येतात. त्यात कपात बरीच जास्त होते, म्हणून त्यांची वर्गणी मी वेगळी आणि जास्त ठेवली. आलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मात्र हे उत्पन्न पहिल्या रुपयापासून दाखवायचं असतं. एकदा सीएकडे जाऊन या.

हक्कांचं मात्र आधी बघा. मोफत असताना मी काही छापील गोष्टी न विचारता सांगितल्या होत्या. ते तेव्हाही चूकच होतं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. ताराबाई मोडक १९७३ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या लेखनासाठी २०३३ अखेरपर्यंत परवानगी हवीच. परवानगी नसलेल्या अकरा गोष्टी मी काढून टाकल्या. आता लोककथा मी माझ्या शब्दांत सांगते, किंवा स्वतः लिहिते.

उत्साहात एक वचन जास्त दिलं होतं: सभासद मुलाच्या वाढदिवसाला नाव घेऊन शुभेच्छा. पहिल्या महिन्यात १४३ सभासद झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात एका मुलीचं नाव राहून गेलं. ती रडल्याचं तिच्या बाबांनी कळवलं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या गोष्टीआधी त्या महिन्यातली सगळी नावं एकदम घेते.

दिवाळीला २४० झाले. पहिलं वर्ष संपताना २५१ होते, त्यातल्या १७० जणांनी पुन्हा वर्गणी भरली. उरलेल्या ८१ जणांना मी एकच प्रश्न विचारला: का थांबलात? मला वाटलं होतं गोष्टी आवडल्या नसतील. बहुतेकांनी लिहिलं, मूल मोठं झालं, आता स्वतः वाचतं. मुलांसाठी काम करणाऱ्याला दरवर्षी नवे ऐकणारे शोधावेच लागतात, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. म्हणून आता जूनमधल्या पहिल्या तीन गोष्टी सगळ्यांसाठी मोफत असतात आणि त्या मुद्दाम चार वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते. यंदाची पहिली गोष्ट चिमणीच्या घरट्याची आहे, तबला अजून वाजवून व्हायचा आहे.