स्लीव्ह बिनियन: डोनार्डची गर्दी टाळायची असेल तर

उत्तर आयर्लंडच्या मोर्न डोंगरांत बहुतेकांचे पाय ८५० मीटरच्या स्लीव्ह डोनार्डकडे वळतात. माझं मत ७४७ मीटरच्या स्लीव्ह बिनियनला. कॅरिक लिटलच्या वाहनतळावरून निघा आणि वर चढणारी मोर्न भिंत (डोंगरांवरून जाणारी जुनी दगडी भिंत) धरून चला. धुक्यात तिचा मोठा आधार. शेवटचा चढ दम काढतो.

माथ्यावर ग्रॅनाइटचे उघडे सुळके आहेत. सर्वांत उंच दगडावर जायला हात टेकावे लागतात. कोरडा ग्रॅनाइट खरखरीत, बुटाला मस्त पकड देतो (सह्याद्रीतल्या पावसाळी बेसाल्टवर घसरलेल्यांना हे सुख कळेल). ओला असेल किंवा वारा झोडपत असेल, तर त्या दगडाच्या पायथ्याशीच थांबा. सायलेंट व्हॅलीचा जलाशय माथ्यावरून तसाही दिसतो. उतरताना धारेने उत्तरेकडे, मग खिंडीतून ब्लू लॉफ या तळ्यामार्गे परत.