शेतीला आन् बांधकामाला कॉर्डलेस घेताय? आधी बॅटरी ठरवा, मशीन मागनं

दुकानात गेलं की सगळे आधी ड्रिल हातात घेतात, ट्रिगर दाबून आवाज ऐकतात आणि भाव विचारतात. पण कॉर्डलेसमध्ये, म्हणजे बिनवायरच्या बॅटरीवर चालणाऱ्या मशीनमध्ये, खरा पैसा बॅटरीत जातो. चांगल्या कंपनीची मोठी बॅटरी नुसत्या ड्रिलच्या किमतीजवळ पोचते, आणि एकदा एका कंपनीच्या बॅटरीत शिरलात की पुढचा ग्राइंडर, ब्लोअर, इम्पॅक्ट सगळं त्याच खाचेत बसणारं घ्यावं लागतंय. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की या बॅटरीवर अजून काय काय चालतं, आणि ते सोलापुरात मिळतं का, का प्रत्येक वेळी पुण्याहून मागवायचं.

नुसतं १८ व्होल्ट लिहिलंय म्हणून एकमेकांना बसेल असं धरून चालू नका. एका कंपनीतसुद्धा दोन-दोन प्रकार असतात. बॉशची निळी प्रोफेशनल मशीन आणि हिरवी घरगुती, दोन्ही १८ व्होल्ट पण बॅटरी एकमेकांत चालत नाही. मकिताची एलएक्सटी आणि जी सिरीजचं पण तसंच. दुकानदाराला म्हणायचं, माझ्यासमोर बसवून दाखवा. पहिल्यांदा दोन बॅटरी अन् चार्जरचा किट घ्या, नंतर बेअर टूल म्हणजे बिनबॅटरीचं नुसतं मशीन घेत जा, त्यात पैसे वाचतात.

आता व्होल्टचा घोळ. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा धरतात, असे ५ एकापुढं एक जोडले की १८ होतात. तोच सेल फुल चार्ज झाला की ४.२ वर जातो, म्हणजे पाचांचे २१. त्यामुळं १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट ही तिन्ही मुळात एकाच ताकदीची बॅटरी आहे, २० वाली जास्त दमदार असं काही नाही. आणि ऑनलाइन जी स्वस्तातली ४८, ८८, १२८ लिहिलेली येतात ती उघडून बघितली तर बहुतेक वेळा आत तेच ५ च्या पटीतले सेल निघतात. त्या आकड्यावर एक रुपया जास्त देऊ नका.

आकडा बघायचाच असेल तर व्होल्ट गुणिले एएच (बॅटरीवर Ah लिहिलेलं असतं, म्हणजे अँपिअर-अवर) करा, वॅट-अवर निघतात. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६, ४ एएच म्हणजे ७२, ५ एएच म्हणजे ९०. ही झाली टाकीतली एकूण ताकद. दुसरी गोष्ट म्हणजे २ एएचच्या बॅटरीत साधारण ५ सेल असतात आणि ४-५ एएचवाल्यात बऱ्याचदा १०, दोन ओळीत, त्यामुळं जोराच्या कामाला करंट दोन्हीकडं वाटला जातो, बॅटरी कमी तापते आणि मशीन दबत नाही. म्हणून ग्राइंडरला बारकी बॅटरी लावून मशीनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका ओळीच्या पातळ बॅटरीवर ८-१० एएच छापलंय तर ते खोटं समजा, हातात घेतली की वजनावरनंच कळतंय.

कामाप्रमाणं बघू.

पत्र्याच्या शेडला इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे झटके देत स्क्रू आवळणारं मशीन घ्या, साध्या ड्रिलनं होतंय पण मनगट जातं. सेल्फ ड्रिलिंग म्हणजे स्वतःच भोक पाडत शिरणाऱ्या स्क्रूला सुरुवातीला पूर्ण स्पीड देऊ नका, टोक लाल होऊन मरतं अन् मग लोखंडात शिरतच नाही. मध्यम स्पीड, सरळ दाब, आणि स्क्रू शिरला की ट्रिगर ढिला करत आणायचा. खालचं काळं रबर वॉशर बघत राहायचं, ते पत्र्याला जरा दबून कडेला किंचित दिसायला लागलं की थांबायचं. अजून आवळलं तर रबर बाहेर फुटून येतं, पत्रा खोल जातो आणि पहिल्याच पावसात त्याच भोकातनं गळती लागते. ज्याला रोज दिवसभर हेच काम आहे त्यानं ब्रशलेस म्हणजे बिनकार्बनच्या मोटरचंच घ्यावं, कार्बन बदलायची भानगड नाही आणि एका चार्जवर काम जास्त निघतं. वर्षातनं चार वेळा वापरणाऱ्यानं साधं घेतलं तरी चालतंय.

ट्रॉलीच्या अन् ट्रॅक्टरच्या नटांना इम्पॅक्ट ड्रायव्हर पुरत नाही, अर्धा इंच चौकोनी तोंडाचा इम्पॅक्ट रेंच लागतो, किमान ३०० न्यूटन मीटरच्या पुढचा बघा. सोडायला तो वापरा, आवळताना शेवटचा जोर मात्र हातानं पान्यावर द्या.

ठिबकच्या सबमेन पाइपाला ग्रोमेटची (नळी बसवायच्या रबरी वॉशरची) भोकं पाडायला, पॅनेल उघडायला, घरातल्या किरकोळ कामाला १२ व्होल्टचं छोटं ड्रिल भरपूर झालं, खिशात राहतं. आणि फवारणीच्या पाठीवरच्या पंपात जी १२ व्होल्टची बॅटरी येते ती बऱ्याचदा लेड ॲसिड असते, तिचा चार्जर लिथियमला कधीही लावायचा नाही.

छाटणीची बॅटरी कात्री हा आपल्या जिल्ह्यात सगळ्यात कामाचा विषय. नान्नज-पंढरपूरकडं द्राक्षाची एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, सांगोल्याकडं डाळिंब, आणि मजूर नेमका त्याच आठवड्यात मिळत नाही. कात्री घेताना कॅटलॉगमधलं मोठं माप सोडा, आपली फांदी किती जाड ते बघा. द्राक्षाच्या काडीला छोटी हलकी कात्री पुरते, डाळिंबाच्या जुन्या फांदीला मोठं तोंड लागतं. दिवसभर हातात धरायची आहे म्हणून वजन सगळ्यात आधी बघा, बॅटरी कमरेला अन् वायर कात्रीला असा प्रकार मिळाला तर मनगटाला आराम. सुट्टं पातं मिळतं का ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. डाळिंबात तेल्या रोग असेल तर पातं एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर जाताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायचंच, कात्री बॅटरीची झाली म्हणून रोग थांबत नाही. फक्त पात्याचं टोक बुडवा, मोटरकडं पाणी जाऊ देऊ नका, आणि संध्याकाळी पुसून तेल लावा नाहीतर ते द्रावण पातं खातं. दुसऱ्या हातानं फांदी धरायची सवय मोडा, हिला बोट आणि काडी यातला फरक कळत नाही.

ग्राइंडरचं गणित करून बघा. ४ इंची ग्राइंडर जोरात कापताना ७०० वॅटच्या आसपास ओढतो असं धरलं तर ७२ वॅट-अवरची बॅटरी ६ मिनिटांच्या आसपास संपते. द्राक्षाच्या मांडवाचा एखादा अँगल, चार सळया, गेटची कडी एवढ्याला उत्तम, कारण तिथं वायर ओढत न्यायची कटकट नाही. पण दिवसभर रिंगांसाठी सळया कापायच्या असतील तर वायरचाच घ्या, कॉर्डलेसवर पैसे घालवू नका. गार्ड काढून वापरू नका आणि चष्मा घाला, यात सूट नाही.

बांधकामात विटेच्या भिंतीला साधं हॅमर ड्रिल चालतं. कॉलम, स्लॅब किंवा जुन्या वाड्याचा काळा दगड आला की एसडीएस प्लस तोंडाचा (खाचेचा खास बिट बसणारा) रोटरी हॅमर म्हणजे जोरात ठोके देत भोक पाडणारं मशीन लागतं, साधं ड्रिल तिथं नुसतं घासत बसतं आणि बिट जळतो. तोडफोडीचा ब्रेकर, पुट्टी-मसाला कालवायचं मिक्सर, फरशी कापायचा कटर हे साइटवर लाइट असेल तर वायरवरच ठेवा.

आता उन्हाचं बघा, कारण आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो आणि बहुतेक कंपन्या चार्जिंगला साधारण ४० अंशांची मर्यादा सांगतात. पत्र्याच्या खोपीत, गाडीच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये बॅटरी दुपारभर ठेवली की ती लवकर म्हातारी होते, नीट वापरली असती तर टिकली असती असा पैसा वाया जातो. बॅटरी कापडात गुंडाळून माठाजवळच्या सावलीत ठेवा, पण ओलं कापड नको. कामावरनं काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. चांगला चार्जर स्वतःच थांबतो आणि लाइट मिचकावतो, स्वस्तातला थांबेलच याची खात्री नाही. शेतीची लाइट कधी दिवसा कधी रात्री, त्यात व्होल्टेज वरखाली, म्हणून चार्जिंग शक्यतो घरी करा आणि दोन बॅटरी भरूनच रानात जा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर (ज्याची वीज घरच्या लाइटसारखी गुळगुळीत नसते) चार्जर लावायचं टाळा. सिझन संपला की फुल किंवा पार रिकामी न ठेवता निम्मी भरून गार जागी ठेवा.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून घ्या, ती मशीनपेक्षा कमी असते बऱ्याचदा. सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते खरेदीच्या आधीच फोन करून विचारा. बॅटरी निकामी झाली तर गल्लीतल्या कुणाकडनं सेलवर सोल्डरिंग मारून घेऊ नका, सेल स्पॉट वेल्डिंगनं जोडतात आणि आतला बीएमएस बोर्ड (सेलचं चार्जिंग सांभाळणारं सर्किट) नीट नसेल तर आग लागू शकते. फुगलेली, चेपलेली, पाण्यात पडलेली बॅटरी चार्जला लावायचीच नाही. ती उकिरड्यावर किंवा भंगारात पण टाकू नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी कंपनीवर आहे, तेव्हा टोकांना चिकटपट्टी लावून डीलरकडं नेऊन द्या.