आलेखाच्या अक्षांवरील प्रमाण कसे ठरवावे

साध्या लंबकाच्या (दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याच्या) प्रयोगात 60 ते 100 सेंमी लांबीसाठी आवर्तकालाचा, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग सुमारे 2.4 ते 4 सेकंद² असा बदलतो. जी राशी आपण स्वतः बदलतो, ती म्हणजे लांबी, आडव्या अक्षावर घ्यावी आणि जी मोजून मिळते ती उभ्या अक्षावर. प्रमाण ठरवताना कागदावरील 1 सेंमी म्हणजे 1, 2 किंवा 5 एकके, अथवा त्यांच्या दहापट, शंभरपट किंवा दशांश (0.1, 0.2, 0.5), एवढेच पर्याय ठेवावेत. 1 सेंमीला 3 एकके धरली, तर एक मिलिमीटरचा चौकोन 0.3 एककांचा होतो आणि प्रत्येक बिंदू मांडताना चुकण्याची शक्यता वाढते.

बिंदू कागदाच्या निम्म्याहून अधिक भागात पसरावेत. त्यासाठी दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू करण्याची सक्ती नाही, कारण लांबीचा अक्ष 50 सेंमीपासून आणि वर्गाचा 2 सेकंद² पासून सुरू केला, तरी रेषेचा चढ आणि त्यावरून काढलेले गुरुत्व त्वरण बदलत नाही. मात्र रेषा आरंभबिंदूतून जाते का, हे तपासायचे असेल, तर शून्य दाखवलेच पाहिजे. लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहून गेली असेल, तर ते तिथेच उघड होते (आणि हे बरेचदा राहते).

अक्षाजवळ राशीचे नाव व कंसात एकक लिहावे, उदाहरणार्थ ‘आवर्तकालाचा वर्ग (सेकंद²)’. नुसते ‘वेळ’ लिहिणे अपुरे आहे. दोन्ही अक्षांचे प्रमाण कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात नोंदवावे.